दोनाचा हिशोब

पोरीच्या सातवीच्या गणिताच्या वहीत
मागची अकरा पानं कोरी होती,
तिथूनच घर बांधायला घेतलं.

दिग्रस रोडला, जिनिंगच्या पलीकडे,
तीस बाय सत्तरचा प्लॉट. जमीन काळी,
म्हणजे पावसाळ्यात घोडं गुडघ्यापर्यंत रुतणार.
म्हणून पहिल्या ओळीत विटा नाहीत, सिमेंट नाही.
मुरूम, सहा ट्रॉल्या.

"कोठ्यात फरशी टाकून देऊ," गुणवंता म्हणाला.
फरशीवर नाल घसरते, हे त्यानंच मला
लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं.
मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे.
फरशी खोडली.
मग आमच्या खोल्यांचीही खोडली.

आमचं दार साडेसहा फूट, कोठ्याचं आठ.
कलगी लावून बाहेर पडताना
मान खाली घालावी लागू नये.
मिस्त्री हसला, "मालक कोन हाय हो घरचा?"
गुणवंता टेप गुंडाळत राहिला.

"दोनाचाच हिशोब लिही," त्यानं सांगितलं होतं.
साकर, आणि तिचा बत्तासा,
जो अजून बँडला बुजतो.
कवडीला न्यायला कारंज्याकडून कोणी येणार होतं.
नऊ हजार म्हणत होतं.
फटाक्याच्या ठिणगीनं तिचा डावा डोळा गेला,
त्यालाही आता सहा वर्षं झाली.

हरभरा, एकाला रोज दोन किलो.
कडबा: ज्वारी पेरतो कोण आता,
जिकडे तिकडे सोयाबीन.
तीन गावं फिरून जो भाव मिळेल तो.
रहेमतचाचा नालबंद, दर चाळीस दिवसांनी,
अकोल्याहून येण्याजाण्याचं भाडं आपलं, जेवण आपलं,
आणि जेवणात वांगं नको.
धनुर्वाताची सुई.
नवतप्यासाठी कूलर, एक.
तो कोणाच्या खोलीत, यावर वादच झाला नाही.
पोटशूळ.
इथं पेन थांबला.
शून्य लिहावं तर अवसान,
हजार लिहावे तर आमंत्रण.
नुसती रेघ मारली.

जमेला: चौतीस वराती, हंगाम बरा असला तर,
तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत.
पुढं चार महिने देव झोपतात,
घोडं काही उपास धरत नाही.

पाचव्या पानावर मी कोठा काढला,
पट्टी लावून, पोरीची शिसपेन घेऊन.
तीन खुंटे.
तिसऱ्यापुढची गव्हाण वीतभर खाली,
म्हातारीची मान आता वर जात नाही.

त्यानं वही बल्बखाली धरली,
पुष्कळ वेळ.
"टिनं किती?"
"चौदा."
"अकरा म्हनली होतीस."
"अकराच होती."
तो उठला, बादली घेतली,
तिघींना पाणी दाखवायला गेला.
बत्ताशालाही तो तिघींतच धरतो.

माझ्या ओट्यावरचा काळा ग्रॅनाइट
त्या तीन टिनांत गेला. असू दे.

निघालो पहाटे तीनला, डांबर तापायच्या आत.
साकर पुढं. कवडी मागं, भांड्यांचं पोतं पाठीवर,
चालताना तव्याचा आवाज.
नव्या फाटकाशी साकर आत गेली, बत्तासा गेला.
कवडी उभी राहिली.
गुणवंतानं ओढलं, चुचकारलं, शिवी दिली.
ती हलेना.

मग माझ्याच लक्षात आलं.
वीस वर्षं ती प्रत्येक मांडवाच्या दाराशी
अशीच थांबली आहे,
कोणीतरी परातीत हरभऱ्याची डाळ घेऊन येईपर्यंत.

डाळ वहीत नव्हती.
डब्यातली संपून चार दिवस झालेले.

पोरगी पळाली शेजारी,
ज्यांचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं,
ओंजळभर उसनी घेऊन आली.
भिजवलेली नव्हती.
चालली तिला.